वैद्य आणि चोर

आमच्या दुकानात त्याला सगळे जोडीमास्तर म्हणतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, हा फावल्या वेळात लग्नं जमवत असेल. एक बाई तर एकदा भाचीचा फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “मुलगी शिकलेली आहे, जरा बघा की.” मास्तर कानापर्यंत लाल झाला. मी शेजारी काज करत बसले होते. हसता हसता सुई बोटात घुसली तरी माझं हसू थांबेना.

त्याच्या जोड्या माणसांच्या नव्हेत, पेशांच्या. तो एक व्हिडिओ गेम खेळतो. राक्षस, गुहा, पडके किल्ले, जादू असला सगळा मामला. चौघांची टोळी करून खेळायचं, प्रत्येकानं आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून. सुरुवातीला आपलं पात्र घडवायचं असतं. आधी चेहरा, केस, उंची. मग पेशा, ज्याला खेळणारे क्लास म्हणतात. योद्धा, जादूगार, तिरंदाज, वैद्य, गवई, चोर असे पुष्कळ पेशे असतात आणि प्रत्येक पात्राला त्यातले दोन घेता येतात. खरी मेख तिथेच आहे. काही जोड्या एकमेकींना धरून चालतात, काही एकमेकींच्या मुळावर उठतात. कुणाशी कुणाची गाठ घातली की काय होतं, हे मास्तरला तोंडपाठ. लांबलांबचे लोक त्याला इंटरनेटवर विचारत. कुणी म्हणालं, “गवई आणि योद्धा घेऊ का?” की हा म्हणणार, “घ्या ना. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात वाद्य, आणि राक्षस आला की ताल कुणी धरायचा?” विचारणारा ओशाळून मुकाट्यानं ढाल घ्यायचा.

मलाही यानंच खेळात ओढलं. माझं वय झालेलं, गुडघे बोलणारे, संध्याकाळी घरी गेल्यावर भिंतींशिवाय कुणी नाही. यानं आपला जुना कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि मला न विचारता माझी जोडी ठरवली, जादूगार आणि योद्धा. “मावशी, तुमचा स्वभाव बघून दिलीय,” म्हणाला. “आधी आग लावायची, मग हाणायचं.” मला राग यायला हवा होता. पण जोडी अशी काही अंगाला बसली की मी पहिल्याच संध्याकाळी अख्खी गुहा पेटवून दिली.

तो कामातही तसाच. आमचं दुकान कपडे दुरुस्तीचं. नवे कपडे आम्ही शिवत नाही, दुसऱ्यांनी शिवलेले माणसांच्या अंगाला बसवतो. पुढच्या खोलीत आरसा आणि एक लाकडी चौथरा, मागच्या खोलीत तीन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि खिडकीशी माझं स्टूल. मास्तर गिऱ्हाइकाला चौथऱ्यावर उभं करतो, खडूनं खुणा करतो, टाचण्या लावतो आणि मग त्याचे प्रश्न सुरू होतात. “यात बसून जेवायचंय की नुसता उभ्यानं फोटो काढायचाय? हात वर करा. वाका. आता खरं सांगा, श्वास घेता येतोय का?” लोक कंटाळतात. पण गिऱ्हाइकानं तोंडानं ‘हो’ म्हटल्याशिवाय यानं कात्री उचललेली मी आजवर पाहिलेली नाही. नव्यानं कामाला आलेल्यांना तो एकच धडा देतो: कापलेलं परत वाढत नाही.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते या माणसानं केलं.

त्याची बायको किल्लीवाल्याची मुलगी. तिच्या वडिलांचं किल्ल्यांचं छोटं दुकान होतं, आणि कुणी घराबाहेर अडकलं, कपाटाची किल्ली हरवली, की ती पत्र्याची पेटी घेऊन जायची. आमच्या दुकानाच्या शटरमध्ये एकदा किल्ली तुटली तेव्हा तीच आली. कुलपाला कान लावून बसली, दोन बारीक सळया आत घातल्या आणि जणू झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही इतक्या अलगद तिनं ते उघडलं. मास्तर हातात टेप घेऊन तसाच उभा. कुलूप उघडलं आणि हा अडकला, असं आम्ही अजून चिडवतो. जोडी छान होती. ती कुठल्याही गल्लीत, कुठल्याही मजल्यावर जायची आणि संध्याकाळी येऊन सांगायची की आज कुणाच्या घरात काय पाहिलं. एका म्हाताऱ्याच्या बंद कपाटात नुसत्या रिकाम्या अत्तराच्या बाटल्या निघाल्या, ते ऐकताना मी काज करायचं विसरले होते.

मग मास्तरच्या आईला झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. पेटी माळ्यावर गेली आणि सून घरात बसली. तात्पुरतं, असं सगळे म्हणाले. कच्चा टाका घालून नेलेला कपडा लोक वर्षानुवर्षं वापरतात, हे मला धंद्यानं शिकवलंय. तात्पुरत्याचं तेच होतं. सासूला उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं, कूस बदलणं. ती कधी कुरकुरली नाही. सासूही चांगली बाई, तिचाही इलाज नव्हता. मास्तर सकाळी जाताना आईच्या पाया पडायचा, संध्याकाळी आल्यावर ‘कशी आहेस’ विचारायचा आणि उत्तर ऐकून कॉम्प्युटर लावायचा.

एका रविवारी त्यानंच बायकोला म्हटलं, “तू पण ये ना खेळायला. आम्हाला चौथा माणूस हवाच आहे.” मी त्या दिवशी त्यांच्या घरी होते, आणि आमचा तिसरा गडी लिफ्टवालाही. हा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. खेळात त्याचा तिरंदाज दर वेळी सगळ्यात आधी मरतो आणि दर वेळी त्याला कुणीतरी ढकललेलं असतं. तर आम्ही सगळे तिच्या खुर्चीमागे उभे. तिनं एक ठेंगणी, झुपकेदार केसांची मुलगी घडवली आणि तिचं नाव खार ठेवलं. मग पेशे. पहिला घेतला वैद्य. मास्तर म्हणाला, “शाब्बास.” दुसरा घेतला चोर.

“चोर?” मास्तर म्हणाला. “अगं, वैद्य आणि चोर? एका हातानं पट्टी बांधायची, दुसऱ्या हातानं खिसा कापायचा?”

लिफ्टवाला खो खो हसला. मीही हसले. विनोद चांगला होता, खोटं कशाला बोलू.

“याला कुलपं उघडता येतात, असं लिहिलंय इथे,” ती म्हणाली.

“कुलपं काय, मी लाथ मारून दार तोडतो. चोराची अर्धी ताकद फुकट जाते. ही जोडी कुणीच घेत नाही.”

“मी घेते,” ती म्हणाली आणि बटण दाबून मोकळी झाली.

तिचं खेळणं बघण्यासारखं होतं. आमची लढाई ऐन रंगात यावी, मास्तर ओरडावा, “वैद्य कुठेय, वैद्य?” आणि वैद्यबाई पसार. कुठल्या तरी कोपऱ्यातल्या बंद दारापाशी बसून सळया फिरवतेय. मग हेडफोनमधून तिचा आवाज यायचा, “अरे, इथे एक खोली आहे. काही नाहीये आत. पण खिडकीतून समुद्र दिसतोय.” लिफ्टवाला मेलेला असायचा, मी मरणाच्या वाटेवर, आणि हिला समुद्र दिसतोय. आम्ही खूप वैतागायचो. दुपारी सासूशेजारी बसून ती एकटीही खेळायची, हे मला तिनंच एकदा सांगितलं होतं. मला वाटलं, बसल्या बसल्या करमणूक.

त्या खेळात एक दगडी राक्षस आहे. आम्ही त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा आपटलो. मास्तरनं आकडेमोड केली आणि निदान काढलं की आपल्याला वैद्य अर्धाच मिळतोय. तसं ते खरंही होतं. खेळात एक जागा आहे, डोंगरावरचं कुंड. पात्राला त्यात बुडवलं की जुने पेशे धुऊन जातात आणि नवे घेता येतात. पण एका पात्राला हे एकदाच करता येतं, दुसऱ्यांदा कुंड घेत नाही. मास्तरनं आपली जमवलेली सगळी रत्नं त्या कुंडाला वाहिली. बायको सकाळी आईला आंघोळ घालत होती तेव्हा यानं तिच्या नावानं खेळ उघडला, खारीला डोंगरावर नेलं आणि कुंडात बुडवलं. वर आली ती वैद्य आणि वैद्य. दोन्ही हातांनी पट्टी बांधणारी.

त्याला वाटलं, आपण बायकोला भेट दिली. मला दुकानात सांगताना चेहरा नुसता फुललेला. “मावशी, सरप्राइज आहे, बोलू नका.” कापलेलं परत वाढत नाही म्हणणारा हाच तो माणूस. माझ्याही डोक्यात तेव्हा ट्यूब पेटली नाही, हे सांगून टाकते आणि पुढे जाते.

त्या संध्याकाळी राक्षस पडला. पहिल्या फटक्यात पडला. लिफ्टवाला आयुष्यात पहिल्यांदा लढाई संपेपर्यंत जिवंत राहिला, त्याला रडूच यायचं बाकी होतं. मास्तर म्हणाला, “बघितलंस? जोडी बरोबर असली की असं होतं!” आम्ही टाळ्या वाजवल्या. ती एवढंच म्हणाली, “छान झालं.”

त्यानंतर ती शहाण्यासारखी खेळायला लागली. बोलावलं की यायची, जिथे उभं केलं तिथे उभी राहायची, ज्याला लागलंय त्याला पट्टी बांधायची, संपलं की जायची. कुठे पसार नाही, समुद्र नाही, काही नाही. मास्तर मला म्हणायचा, “आता कशी शिस्तीत आलीय बघा.” मी म्हटलं, “शिस्तीत इस्त्रीही असते रे. दाबलं की चालते.” त्याला वाटलं, म्हातारी नेहमीप्रमाणे तिरकं बोलतेय. पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे तिच्या बहिणीनं घर बदललं. सामान लावायला म्हणून ही एक दिवस तिकडे गेली आणि मास्तरनं आईजवळ राहायला सुट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा मला आधी वाटलं, आईचं काही बरंवाईट झालं. एक कोट समोर घेऊन बसला होता. खुणा केलेल्या, गिऱ्हाइकानं हो म्हटलेलं, कात्री हातात, आणि कापत नव्हता. मी मशिन थांबवलं.

“आई बरी आहे ना?”

“आहे.”

“मग थोबाड का असं?”

बराच वेळ तो कोटाशीच बोलल्यासारखा बोलला. सकाळी आईची कूस बदलायची होती. कोणत्या कुशीवर वळवायचं हे याला माहीत नव्हतं. डाव्या कुशीवर वळवायला गेला तर आई कळवळली. पाणी कपानं पाजलं तर तिला ठसका लागला, ती चमच्यानं पिते म्हणे. चादर ओली झाली, दुसरी सापडेना. सगळी कपाटं उघडून झाली. “बायकोला फोन करायला लाज वाटत होती, मावशी. स्वतःच्या घरात स्वतःच्या आईची चादर कुठे असते ते काय विचारायचं? शेवटी आईनंच बोटानं दाखवलं.”

“बरं. मग? सगळे पुरुष असेच असतात. जगबुडी नाही झाली.”

“पुढचं ऐका,” तो म्हणाला.

दुपारी आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, “आता दारं.” याला कळेना. त्यानं उठून दार लावलं. आई मान हलवत राहिली. मग तिनं एकेक शब्द जुळवून सांगितलं. सून दुपारी खेळते. खेळताना सांगते. आता दार दिसलं, आता कुलपात सळई घातली, आता उघडलं, आत काय आहे. एका खोलीत नुसते आरसे होते. एका खोलीत एक मांजर झोपलेलं होतं आणि त्याला उठवायचं नव्हतं. एका खोलीतून समुद्र दिसत होता. बाईनं अंथरुणावर पडल्या पडल्या तो सगळा किल्ला पाहिला होता. दोघी मिळून ठरवायच्या, आज कोणतं दार.

“आता नाही सांगत,” आई म्हणाली. “म्हणते, आई, किल्ल्या गेल्या. आता नुसती वैद्य. तिकडेपण.”

‘तिकडेपण’ हा शब्द मास्तरनं मला दोनदा सांगितला.

“आणि मग आईनं विचारलं, कुणी नेल्या रे किल्ल्या?”

“तू काय म्हणालास?”

“मी उशी नीट केली, मावशी.” त्यानं कात्री खाली ठेवली. “मग परत नीट केली. नीटच होती ती. आई माझ्याकडे बघत होती. ती मला काय ओरडणार होती? धड हात उचलता येत नाही तिला. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

मी खरं तर त्याला चार शब्द सुनवणार होते. जगाला टाचण्या लावून विचारतोस, श्वास घेता येतोय का, आणि घरात एक बाई गुदमरतेय ते दिसलं नाही? सगळं ओठांवर आलं होतं. पण तो मान खाली घालून असा बसला होता की माझेच शब्द मला जड झाले. मी एवढंच म्हटलं, “आईला नाही बोललास, निदान तिला तरी बोल.”

“कुठल्या तोंडानं?”

“आहे तेच वापर. दुसरं कुठून आणणार?”

तो बोलला. ते मला तिनं सांगितलं, खूप नंतर, आणि तिनं सांगितलं म्हणूनच मी इथे लिहितेय. त्या दिवशी घरी गेल्यावर तो आधी खेळात खारीला घेऊन कुंडावर गेला, वेड्यासारखा, एकदाच घेतं हे माहीत असून. कुंडानं घेतलं नाही. मग ती चादरींच्या घड्या घालत होती तिथे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “माझं चुकलं. खारीला मी न विचारता बदललं.”

ती म्हणाली, “अरे, खेळ आहे तो.”

“तुला राग नाही आला?”

“आला होता. पण तू इतका खूश होतास. आणि तो मेला ना एकदाचा, तुमचा राक्षस.”

तिनं हातातली चादर खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, “तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. तुलाही माहीत होतं, मी हो म्हणेन. मग विचारायला काय झालं होतं?”

गिऱ्हाइकाच्या बाहीचं अर्धं बोट कापायला तीनदा विचारणारा माणूस त्या चादरीची किनार चाचपत राहिला.

“माझी पेटी माळ्यावर गेली,” ती म्हणाली, “तेव्हा तरी कुणी विचारलं होतं?”

एवढं बोलून ती सासूला भरवायला गेली. हा त्या घड्यांपाशी बसून राहिला. मला ती म्हणाली, “मावशी, तो रडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता खाली बघत होता. मग उठला आणि उरलेल्या चादरींच्या घड्या घातल्या. सगळ्या चुकीच्या. मी नंतर परत घातल्या.”

नंतर पुष्कळ दिवस मास्तर शरमेनं वागला. शरमेनं वागणारा माणूस घरात फार अडचणीचा असतो. नको तिथे मदतीला येतो, भांडी फोडतो, दर दोन वाक्यांनी ‘तुला चालेल ना’ विचारतो. ती एकदा वैतागून म्हणाली, “आता पाणी प्यायलाही परवानगी मागणार आहेस का?” जोड्यांबद्दल विचारणाऱ्यांना त्यानं उत्तर देणं सोडलं. एका पोरानं कळवळून विचारलं होतं, गवई आणि योद्धा घेतलं तर काय होईल. यानं लिहिलं, “तुम्हाला आवडेल का ते बघा.” पोराला वाटलं, मास्तरचं खातं कुणीतरी पळवलं.

आणि आईला त्यानं अजून सांगितलं नव्हतं. मी खोदून विचारलं की म्हणायचा, “सांगेन.” सकाळी पाया पडतानाही तिच्या चेहऱ्याकडे बघत नाही, असं त्याची बायको म्हणाली.

मग एका रविवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा जमलो, मी माझ्या घरी, लिफ्टवाला त्याच्या, ती दोघं त्यांच्या घरी शेजारी शेजारी. सगळं पहिल्यापासून. आधीची पात्रं बाजूला ठेवायची, नवी घडवायची, असं मास्तरनंच सुचवलं होतं. त्यानं आपला वर्षानुवर्षं वाढवलेला योद्धा सोडला आणि वैद्य घेतला. दुसरा पेशाही वैद्यच. लिफ्टवाला म्हणाला, “अरे, तू वैद्य? मग मला वाचवणार कोण?” त्यात तथ्य होतं. मास्तरला पट्टी बांधता येत नव्हती. माझं बोट कापलं की तो लिफ्टवाल्याचं डोकं बांधायचा.

तिनं पुन्हा खार घडवली, तसेच झुपकेदार केस. पहिला पेशा घेतला चोर. दुसऱ्या पेशाची जागा तशीच सोडली आणि खेळ सुरू करायला बटणावर बोट नेलं. रिकामी जागा सोडता येते, हे मला माहीतही नव्हतं. तसं कुणी करत नाही; अर्धी ताकद सरळ पाण्यात जाते.

“वहिनी, दुसरा राहिला,” लिफ्टवाला म्हणाला.

“राहू दे,” ती म्हणाली.

आम्ही सगळे मास्तरची वाट बघत होतो. रिकामी जागा बघून जोडीमास्तर गप्प बसणं म्हणजे शिंप्यानं उसवलेली शिवण बघून पुढे जाणं. हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. “चला,” एवढंच म्हणाला.

आम्ही गुहेत शिरलो. दोन-तीन भुतं होती, लढाई साधीच. खार केव्हाच भिंतीच्या कडेनं निघून एका दारापाशी बसली होती. मी आग लावत होते, लिफ्टवाला मरायची तयारी करत होता, मास्तर चुकीच्या माणसाला पट्टी बांधत होता. तेवढ्यात त्यांच्या आतल्या खोलीतून हाक आली. माइक चालूच होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आली. “सूनबाई...”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिचीच, सवयीनं उठली असणार.

“तू बस,” मास्तर म्हणाला. मग दुसरी खुर्ची सरकली.

बिनतारी हेडफोन त्यानं गळ्यातच ठेवला होता. तो चालतोय, दार ढकलतोय, सगळं आमच्या कानात. मी काढून ठेवायला हवा होता माझा हेडफोन. नाही काढला.

“तू?” आई म्हणाली. “ती कुठाय?”

“ती कामात आहे, आई.”

“कसलं... काम?”

“दार उघडतेय.”

आईचा आवाज वेगळाच आला, लहान मुलीसारखा. “किल्ल्या... मिळाल्या?”

“हो.”

“कुणी नेल्या होत्या रे?”

मास्तर इतक्या हळू बोलला की माइक नसता तर आम्हाला ऐकू आलं नसतं.

“मी, आई. मीच नेल्या होत्या. तिला न विचारता.”

मला वाटलं, आईला कळलं नसेल. तिनं पुन्हा विचारलं असतं तर त्याला पुन्हा सांगावं लागलं असतं.

“आणि तेव्हा... उशी... नीट करत होतास,” आई म्हणाली.

“हो.”

“ओली आहे... चादर.”

“बदलतो.” तो म्हणाला. “उजव्या कुशीवर वळ. हां. सावकाश.” कप्पे उघडल्या-मिटल्याचे आवाज. एक, दुसरा, तिसरा. मग तो बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ओरडला, आणि ते ओरडणं लाजेनं ओथंबलेलं होतं. “अगं, चादर कुठेय? मागच्या वेळी दाखवली होती, मी विसरलो.”

“खालचा कप्पा, डावीकडे,” ती म्हणाली. उठली नाही. तिच्या सळयांची टिकटिक चालूच होती.

खेळात मास्तरचा वैद्य हात लोंबकळत गुहेच्या मधोमध उभा होता. भुतांनी आधी त्याला गाठलं, मग लिफ्टवाल्याला, मग मला. आम्ही तिघं मेलो. खार तेव्हा दारापलीकडे गेली होती, तिला कळलंही नाही.